दोन वाट्यांच्या दोन अंगठ्या

आमच्या धाकटीचे लग्न ठरले आणि पहिल्याच रविवारी घरात सोन्याचा विषय निघाला. २०२५ साल होते ते. तोळ्याच्या भावाने लाखाचा आकडा ओलांडला होता, आणि आम्ही सगळ्या जणी कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करत बसलो होतो. मंगळसूत्र सासरचे, बांगड्या आमच्या, आणि साखरपुड्याच्या दोन अंगठ्या? त्या कोणी करायच्या, किती वजनाच्या, कुठल्या दुकानातून?

आई इतका वेळ शेंगा सोलत बसली होती. ती उठली, आतल्या खोलीतून पितळेचा छोटा डबा घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवला.

“ह्याच्या कर अंगठ्या,” म्हणाली.

डब्यात तिचे मंगळसूत्र होते. काळ्या पोतीत ओवलेले सोन्याचे मणी आणि मधोमध दोन वाट्या. बाबा २०१९ साली गेले, त्या दिवशी ते तिच्या गळ्यातून काढले गेले. त्यानंतर सहा वर्षांत कोणी त्या डब्याचे झाकणसुद्धा उघडले नव्हते.

आत्या त्या दिवशी आमच्याकडेच होती. तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली. “वहिनी, अहो काहीतरीच काय! मोडलेल्या सौभाग्याचं सोनं नव्या नवरीच्या बोटात घालायचं? लोक काय म्हणतील ते सोडा, माझंच मन घेत नाही.”

आई शांतपणे म्हणाली, “वन्सं, छत्तीस वर्षं सुखानं गळ्यात होतं हे. मोडलं कुठं? माणूस गेला. सोनं तसंच आहे.”

त्या दिवशी विषय तिथेच थांबला. पण धाकटीने रात्री मला फोन करून सांगितले, “ताई, मला त्याच अंगठ्या हव्यात. फक्त एक कर, दुकानात नेऊन बदलून आणू नकोस. तेच सोनं हवं.”

आणि मैत्रिणींनो, माझी खरी परीक्षा सुरू झाली ती इथे. तेच सोने हवे, हे म्हणायला फार सोपे आहे.

दुधाने पोळल्यावर

माझे स्वतःचे लग्न २०१३ सालचे. आजीच्या पाटल्या होत्या, त्या देऊन मंगळसूत्र घ्यायचे ठरले. आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो. गार हवा, मऊ गाद्या, समोर चहा. पाटल्या आत गेल्या आणि पाचच मिनिटांत चिठ्ठी बाहेर आली. लाखेची इतकी, डागाची इतकी, घटीची इतकी अशी वजावट धरून वजनाचा जवळजवळ पाचवा भाग गेला होता! बदल्यात जे मंगळसूत्र घेतले, त्याच्या पदकात बारीक खडे होते. ते खडेही सोन्याच्याच भावाने तोलले गेले, हे मला दोन वर्षांनी दुरुस्तीला नेले तेव्हा कळले. दोष दुकानदाराचा जितका, तितकाच आमच्या गप्प बसण्याचा. एकानेही “आमच्यासमोर आटवा” असे म्हटले नाही. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आम्ही बायका, सोन्याच्या दुकानात मात्र देवळात गेल्यासारख्या वागतो!

म्हणून ह्या खेपेला ठरवले की घडवून घ्यायच्या, आणि समोर बसून. कोल्हापुरात गुजरी आहे, अंबाबाईच्या देवळाच्या अगदी जवळ. तिथल्या झगमगीत दुकानांच्या मागच्या एका बोळात आमच्या ओळखीचे एक सोनारकाका बसतात. सत्तरीचे आहेत. दहा बाय बाराची खोली, एक ऐरण, एक लाकडी पाट, आणि खाली पसरलेले कातडे, म्हणजे कानशीने घासताना पडलेला कण वाया जायला नको. माझे कान त्यांच्याच वडिलांनी टोचले होते. ‘सोनारानेच कान टोचावे’ म्हणतात ते काही उगीच नाही.

निघताना आत्याने जुनी म्हण ऐकवलीच, “सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा!” मी म्हटले, “आत्या, तुम्हीच चला संगतीला. तुमच्या डोळ्यांसमोर होऊ दे.” आणि नवल म्हणजे ती आली.

एक वाटी माहेरची, एक सासरची

आपल्याकडे मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची नि एक सासरची असते, हे आपण सगळ्याच जाणतो. पण त्यांचे सोने सारखे असतेच असे नाही, हे मला त्या दिवशी उमगले.

काकांनी आधी पोत उसवली आणि काळे मणी एका वाटीत काढून आईला परत दिले. “हे तुमच्यापाशीच राहू द्या, वहिनी.” मग दोन्ही वाट्या कसोटीच्या काळ्या दगडावर शेजारी शेजारी घासल्या. दोन पिवळ्या रेघा उमटल्या. काचेच्या कांडीने त्यांवर तेजाब लावले. पहिली रेघ जवळजवळ तशीच राहिली. दुसरी किंचित फिकटली.

“ही बावीसच्या जवळ आहे,” काका म्हणाले. “ह्या दुसरीत डाग बराच आहे. जुन्या मोडीची केलेली दिसते. कुणाकडची?”

आई काही बोलली नाही. दुसरी वाटी सासरची होती, म्हणजे आत्याच्या माहेरची. मला वाटले, आता आत्या काकांवर उखडणार! पण ती वाटीकडे बघत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “आमच्याकडची. १९८३ ला दादाचं लग्न झालं, त्याच्या आदल्या वर्षी माझं. बाबांकडं उरलं होतं काय? माझी कानातली फुलं मोडली होती, ती नि आईच्या बुगडीचा तुकडा घालून ही वाटी केली. वहिनींना कधी सांगितलं नाही कुणी.”

“मला ठाऊक होतं,” आई म्हणाली. “सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. रडल्या होत्या.”

थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. मग आत्याच म्हणाली, “घाला दोन्ही एका मुशीत. माझंही सोनं आहेच की त्यात.”

त्या दिवसापासून आत्याचा विरोध मावळला. शुभ-अशुभाचा वाद आम्ही घालत बसलो असतो, तर तो वर्षभर चालला असता. ज्या सोन्याला ती अशुभ म्हणत होती, त्यात तिच्याच कानातली फुले होती, एवढे कळणे पुरले.

डोळ्यांसमोर आटवणी

आता जरा हिशेबाकडे वळू या. मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी नि इतिहास शिकवणारी. पण सहावीची शेकडेवारी येत असली तरी सोन्याचा हिशेब कोणालाही जमतो, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते.

वाट्या पोकळ होत्या आणि आत लाख भरलेली. काकांनी त्या मंद आचेवर धरल्या, तशी लाख पाघळून गळून पडली. मग मण्यांसकट सगळे तोलले, तर ११.२०० ग्रॅम. तोलण्याआधी काटा शून्यावर आणून दाखवला. काट्यावर वैधमापन खात्याच्या पडताळणीचा शिक्काही दाखवला. हे आपण विचारायलाच हवे.

मग मुशीत सोने घालून वर टाकणखार भुरभुरला आणि गॅसची ज्योत सोडली. सोने वितळायला १०६४ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पूर्वी हेच काम कोळशाची बागेसरी पेटवून, फुंकणी फुंकून करावे लागे. बघता बघता वाट्यांचा आकार गेला, मणी गेले, आणि मुशीच्या तळाशी एक लालभडक थेंब थरथरत राहिला. आई टक लावून बघत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर म्हणाली, “मी ठीक आहे ग. तू वजन लिहून घे.”

साच्यात ओतलेली लगड थंड झाल्यावर भरली १०.८५० ग्रॅम. म्हणजे ३५० मिलिग्रॅम गेले. उरलीसुरली लाख, मेण, चाळीस वर्षांचा मळ असे सगळे त्यात आले.

ती लगड घेऊन आम्ही चौघे गलाईवाल्याकडे टंच काढायला गेलो. हे गलाईवाले सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले. विटा, खानापूर, आटपाडी ह्या दुष्काळी भागातली माणसे पिढ्यान् पिढ्या सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत आणि देशभरातल्या सराफ बाजारांत पसरली आहेत. त्यांच्या यंत्राने टंच सांगितला ८७.५. म्हणजे शंभर भागांत साडेसत्त्याऐंशी भाग शुद्ध सोने. आमच्या लगडीत शुद्ध सोने झाले साधारण ९.४९ ग्रॅम.

बावीस की अठरा?

आता प्रश्न आला कॅरेटचा. २४ कॅरेट म्हणजे शुद्ध सोने. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग, १८ कॅरेट म्हणजे ७५०, १४ कॅरेट म्हणजे ५८५. उरलेला भाग तांबे, चांदी वगैरेंचा.

आमची लगड होती तशी २२ कॅरेटवर न्यायची, तर तिच्यात सव्वापाच ग्रॅमच्या वर नवे शुद्ध सोने घालावे लागले असते. खर्च पन्नास हजारांच्या पुढे! दुसरा मार्ग होता सोने गाळून पूर्ण शुद्ध करण्याचा. मग त्याच सोन्याचे २२ कॅरेटचे १०.३६ ग्रॅम झाले असते. पण एवढ्याशा सोन्यासाठी कोणी वेगळी भट्टी लावत नाही. आपले सोने जाते नि तेवढ्याच शुद्धतेचे दुसरे हातात येते. पैशाच्या हिशेबात फरक काहीच नाही, पण धाकटीला तर ‘तेच’ हवे होते.

काकांनी तिसरा मार्ग सुचवला. “१८ कॅरेटच्या करा. रोज वापरायची अंगठी आहे. शुद्ध सोनं मऊ. भांडी घासून, पिशव्या उचलून तिचा आकार जातो. अठराची अंगठी कडक राहते. आणि ह्याच सोन्यात नुसती तांब्या-चांदीची भर घालायची, बाहेरचं सोनं कणभर नको.”

ही बातमी घरी पोचली आणि पुन्हा गोंधळ! “अठरा कॅरेट? म्हणजे पाव भाग तांबंच की!” हे आत्याचे. व्याह्यांना आम्ही सोने कुठले ते आधीच सांगून टाकले होते. धाकटीचाच आग्रह होता की लपवून काही करायचे नाही. विहीणबाई भल्या. मंगळसूत्राच्या सोन्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही, उलट “तुमच्या आईंचा आशीर्वादच तो” म्हणाल्या. पण कॅरेटबद्दल मात्र दोनदा फोन! “आमच्याकडे सगळे बावीसच घालतात हो.” मी त्यांना समजावले की शुद्ध सोने तेवढेच आहे, ९.४९ ग्रॅमच. साखर तितकीच, सरबत जरा जास्त! त्या हसल्या नि कबूल झाल्या.

हाच विषय निघाला, तेव्हा काकांनी एक आठवण सांगितली. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्णनियंत्रणाचे नियम आले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. आपल्या बायकांना ते फिके सोने पसंत पडेना. देशभर हजारो सोनारांचे हात रिकामे झाले, काहींनी तर जीव दिला. काकांचे वडील वर्षभर एका पिठाच्या गिरणीत हिशेब लिहीत होते. पुढे कॅरेटचे बंधन सैल झाले. १९६८ साली सुवर्णनियंत्रण कायदा आला आणि तो रद्द झाला थेट १९९० साली. “तेव्हा चौदाचं नाव काढलं की गिऱ्हाईक पळायचं,” काका म्हणाले, “आता पोरं अठरा, चौदा स्वतः मागतात.” भाव असे चढले आहेत की २०२५ साली ९ कॅरेटच्या दागिन्यांनाही हॉलमार्कच्या यादीत जागा मिळाली!

माप, नक्षी नि मजुरी

अंगठीचे माप दोऱ्याने घेऊ नका. सोनाराकडे कड्यांचा जुडगा असतो, त्यातली कडी घालून बघा. सकाळी बोट बारीक असते, संध्याकाळी नि उन्हाळ्यात ते थोडे सुजते. म्हणून दोन वेळा माप घ्यावे. अंगठी पेरावरून जराशी अडखळत उतरली पाहिजे. रुंद पट्टीची अंगठी त्याच मापात घट्ट बसते, तेव्हा माप किंचित वाढवावे.

धाकटीने चित्रे दाखवली होती, पण शेवटी ठरले साधे वळेच. आपल्याकडे पूर्वीपासून वेढणी असते ना, तसे गोल नि गुळगुळीत. तिचे साडेतीन मिलिमीटर रुंद, जावयाचे साडेचार. खडा नाही, नक्षी नाही. आतल्या बाजूला फक्त दोन साले कोरायची, आईच्या लग्नाचे १९८३ नि ह्यांचे २०२५.

काकांनी लगडीत १.७५० ग्रॅम चांदी-तांबे घातले. एकूण झाले १२.६०० ग्रॅम. मी लगेच गुणाकार करून बघितला. शुद्धता हजारात ७५० पेक्षा थोडी वर येत होती. “जाणूनबुजून वर ठेवलीय,” काका म्हणाले. “तपासणीत ७५० च्या खाली एक जरी आलं तर माल परत येतो.”

मजुरीचे दोन प्रकार असतात. एक, सोन्याच्या किमतीवर टक्केवारीने. दुसरा, ग्रॅमला किंवा नगाला ठरावीक. टक्केवारीत एक गोम आहे. बारा ग्रॅमच्या दागिन्यावर बारा टक्के मजुरी म्हणजे जवळजवळ दीड ग्रॅम सोन्याची किंमत. भाव दुप्पट झाला की मजुरीही दुप्पट, पण कारागिराची मेहनत मात्र तेवढीच! साध्या दागिन्याला नगाप्रमाणे मजुरी ठरवणे आपल्या फायद्याचे. आम्ही तेच केले. नवा दागिना विकत घेतला, तर त्यावर ३ टक्के जीएसटी लागतो. आपलेच सोने देऊन घडवून घेतले आणि सोनाराची जीएसटीत नोंदणी असली, तर नुसत्या मजुरीवर ५ टक्के.

तो सहा अक्षरांचा आकडा

आमच्या ह्या घरगुती सोनाराकडून हॉलमार्क कसा मिळणार, अशी मला काळजी होती. ती फुकट निघाली. भारतीय मानक ब्यूरोकडे काकांची नोंदणी होती. हॉलमार्कची योजना २००० साली आली, १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी असल्याशिवाय दुकानदाराला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. वर्षाला चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या सोनारांना ह्या सक्तीतून सूट आहे, तशीच दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांनाही. म्हणून छोट्या सोनाराकडे जाताना “तुमची नोंदणी आहे का?” हे आधीच विचारावे. नसेल तर तो लबाड ठरत नाही. पण मग तपासणी आपण स्वतः करून घ्यावी. मान्यताप्राप्त केंद्रात थोडे पैसे भरून कोणालाही आपला दागिना तपासून मिळतो.

अंगठ्या केंद्रातून परत आल्या, तेव्हा भिंगातून आतल्या तीन खुणा बघितल्या. ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, १८ कॅरेट ७५०, आणि तो सहा अक्षरांचा क्रमांक. फोनवरच्या ‘बीआयएस केअर’ ह्या ॲपमध्ये तो क्रमांक घातला, तर दागिन्याचा प्रकार नि शुद्धता पुढ्यात! आत्याने चष्मा लावून तीनदा वाचले.

आणि एक. जुन्या दागिन्यावर किंवा बोलण्यात ‘केडीएम’ हा शब्द येतो, तो शुद्धतेचा शिक्का नव्हे. डाग देताना कॅडमियम वापरले एवढाच त्याचा अर्थ. त्याचा धूर कारागिराच्या फुफ्फुसांना फार घातक, म्हणून त्याचा वापर बंद करण्यात आला. कोणी “केडीएम आहे, बिनधास्त घ्या” म्हणाले, तर बिनधास्त नको म्हणा.

घडवून घ्यायला जाताना

माझ्या अनुभवावरून काही गोष्टी लिहून देते. कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

१. दागिना मोडण्यापूर्वी त्याचा फोटो काढा. आणि खरोखर मोडायचा का, हे पुन्हा एकदा विचारा. जुनी ठुशी, वज्रटीक, नथ ह्यांतली कारागिरी आटवल्यावर परत मिळत नाही. आमच्या वाट्या साध्या होत्या, म्हणून जीव धजला.

२. खडे, मणी, लाख काढून मगच वजन करा. आटवण्याआधीचे आणि नंतरचे, दोन्ही वजने लिहून घ्या.

३. आटवणी आपल्यासमोर व्हावी. वेळ नाही म्हणून ठेवून येऊ नका. अर्ध्या तासाचे काम असते.

४. टंच त्रयस्थाकडून काढा.

५. घट किती टक्के, मजुरी किती, तयार कधी, हे एका चिठ्ठीवर सहीनिशी घ्या. ओळखीच्या माणसाकडून चिठ्ठी मागायला संकोच वाटतो, मलाही वाटला. पण काका म्हणाले, “चिठ्ठी असली की ओळख टिकते.”

६. उरलेला तुकडा मागून घ्या. तो आपला असतो.

७. पावतीवर वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचा आकार वेगळा दाखवलेला असावा.

नंतरची निगाही सोपी. कणीक मळताना नि कपड्यांना ब्लीच लावताना अंगठी काढून ठेवा. फुटलेल्या जुन्या थर्मामीटरचा पारा सोन्याच्या जवळ येऊ देऊ नका, सोने पांढरे पडून खराब होते. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबण किंवा रिठ्याचे पाणी आणि मऊ ब्रश, एवढे पुरे.

शेवटचा हिशेब

अंगठ्या हातात आल्या तो हिशेब असा. धाकटीची ४.८०० ग्रॅम, जावयाची ६.९००, उरलेला तुकडा ०.६४०, आणि घासण्या-उजळण्यात गेलेली घट ०.२६०. बेरीज बरोबर १२.६००! घट दोन टक्क्यांच्या आसपास, चिठ्ठीवर लिहिली होती तेवढीच. माझ्या लग्नातल्या त्या पाचव्या हिश्शाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

साखरपुड्याच्या आदल्या रात्री आम्ही बायका गोळा झालो होतो. बोलता बोलता हेरवाडचा विषय निघाला. आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातले हे गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. त्याच महिन्यात राज्य शासनानेही परिपत्रक काढून इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असे सांगितले. आई म्हणाली, “तीन वर्षं आधी झाला असता तो ठराव, तर बरं झालं असतं.” एवढेच. आत्या खाली बघून गजरा गुंफत होती. २०१९ च्या त्या दिवशी आईच्या गळ्याकडे गेलेल्या हातांत तिचाही हात होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते.

दुसऱ्या दिवशी अंगठ्यांचे तबक पुढे आणायची वेळ आली. ते कुणी आणायचे ठरले नव्हते. मावशी पुढे झाली, तेवढ्यात आत्याने तबक उचलले आणि सरळ आईच्या हातात दिले. “वहिनी, तुमच्या हातानं द्या.” आईने दिले. कोणी काही म्हटले नाही. म्हणायचे असेल, तरी आत्यासमोर म्हणायची कुणाची छाती!

पाहुणे गेल्यावर आईने पदराच्या गाठीतून कागदाची छोटी पुडी सोडली. आत तो उरलेला तुकडा होता, हरभऱ्याच्या डाळीहून लहान. तिने तो आत्याच्या तळहातावर ठेवला.

“हे तुमचं, वन्सं. कानातल्या फुलांचं. बेचाळीस वर्षांनी परत करतेय.”

आत्याने नको नको म्हणून पाहिले, डोळे पुसले, मग तुकडा बटव्यात टाकून बंद ओढले. आणि थोड्या वेळाने तिच्या नेहमीच्या ठसक्यात विचारले,

“ह्यात घट किती धरलीत, वहिनी?”